संत्रा बर्फीच्या दुकानासाठी देवनागरी फॉन्ट आणि नारिंगी रंग: सल्ला हवा आहे

प्रश्न

नागपूरच्या इतवारीत आमचे मिठाईचे दुकान आहे. संत्रा बर्फी बाहेरगावी पाठवू लागल्यामुळे संकेतस्थळ आणि खोक्याचे नवे डिझाइन करून घेत आहोत. ज्यांना काम दिले त्यांनी पांढऱ्यावर नारिंगी अक्षरांत सर्व मजकूर बसवून दिला. संगणकावर तो देखणा दिसतो, पण मे महिन्याच्या दुपारी गल्ल्यावर बसलेल्या बाबांना मोबाइलवर दर वाचताच येईनात. शिवाय ‘माल’ या शब्दातला ल हिंदी पाट्यांवर असतो तसा आला आहे, आणि जुन्या खोक्याच्या फाइलमधला मजकूर उचलून संकेतस्थळावर टाकला की रोमन अक्षरांची खिचडी होते. नेमके काय बदलून मागावे?

उत्तर 1

खिचडीचे कारण सोपे आहे. जुनी फाइल बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असणार (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी प्रमाण पद्धत). त्यात रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवलेले असतात, त्यामुळे फॉन्ट बदलला की मुखवटा गळून पडतो. मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा, अथवा एका खोक्यापुरताच असेल तर सरळ नव्याने टंकित करावा. परिवर्तकाने केलेल्या चुका शोधण्यात जास्त वेळ जातो.

ल आणि श यांची मराठी वळणे राज्य शासनाने 2009 च्या निर्णयात निश्चित केलेली आहेत, तेव्हा आपला आग्रह रास्त आहे. अनेक फॉन्टमध्ये ती रूपे आत असतात, मात्र पानाची भाषा मराठी असल्याचा संकेत, म्हणजे ‘एमआर’, कोडमध्ये दिलेला नसेल तर ब्राउझर ती दाखवत नाही. ‘टिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टमध्ये मराठी वळण मुळातच आहे. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ सात वजनांत, म्हणजे बारीक ते ठळक अशा सात जाडींत, मिळतो आणि मोफत असून व्यावसायिक कामालाही चालतो. कोणताही घेतला तरी नमुन्याच्या वाक्यावर भाळू नये. ‘बर्फी’, ‘संत्रा’, ‘ताज्या मालाच्या’ हे आपलेच शब्द लिहून पाहावेत.

उत्तर 2

रंगाबद्दल लिहितो. संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या निकषांनुसार साध्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी विरोध, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, किमान 4.5 ला 1 असावा लागतो. वेबवरचा नेहमीचा नारिंगी पांढऱ्यावर ठेवला की हे प्रमाण जेमतेम 2 ला 1 भरते. आपल्याकडच्या उन्हात ते काय टिकणार! तोच रंग जमीन म्हणून घेऊन वर काळी अक्षरे ठेवली तर प्रमाण 10 च्या पुढे जाते. नागपूरकराला नारिंगी सोडवत नाही हे मान्य, पण तो शाई म्हणून नव्हे, कागद म्हणून वापरावा.

आणखी एक: डिझाइनरने अक्षरांमधले अंतर वाढवले असेल तर ते शून्यावर आणायला सांगावे. रोमनमध्ये ते शोभते, देवनागरीत शिरोरेखा तुटून शब्दाचे तुकडे होतात.

उत्तर 3

प्रेसच्या बाजूने एवढेच सांगतो, की पडद्यावरचा झगझगीत नारिंगी चार रंगांच्या छपाईत मळकट उतरतो. नारिंगीच्या स्वतंत्र तयार शाईचा खर्च झेपत असेल तर ती मागावी. नाहीतर अंतिम रंग छापील नमुन्यावरूनच ठरवावा. बोधचिन्ह व्हेक्टर फाइलमध्ये, म्हणजे कितीही मोठे केले तरी न फाटणाऱ्या रूपात, घ्यावे, कारण दुकानाच्या पाटीसाठी तेच लागणार.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. नारिंगी जमिनीवर गडद तपकिरी अक्षरे घेऊन, भाषेचा संकेत टाकून पान पुन्हा उघडले. ल आपला झाला आणि बाबांनी चष्मा न शोधता दर वाचले. खोक्याच्या नमुन्यात मात्र ‘बर्फी’चा रफार झाकणाच्या घडीत जातो आहे, म्हणून नाव दोन सूत खाली घ्यायला सांगितले आहे.