मदत हवी आहे: स्पर्म काउंट कमी आलाय

चकवा: काल रिपोर्ट आला, काउंट कमी. बायकोचं सगळं नॉर्मल. लवकर वाढवायला काय घेऊ? लेक्चर नको, प्लीज.

मुक्ता: कमी म्हणजे किती? व्हॉल्यूम, मोटिलिटी म्हणजे शुक्राणूंची हालचाल? २ ते ७ दिवसांचं अंतर ठेवून सॅम्पल दिलं होतं ना?

कोकणी_काका: अश्वगंधा, दुधातून. माझ्या मेव्हण्याला जुळी झाली.

चकवा: ४ मिलियन. बाकी रिपोर्ट घरी आहे. अंतर ठेवलं होतं बहुतेक.

पॅथवाला: 'बहुतेक' काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मॅन्युअलप्रमाणे मिलिलिटरला १६ मिलियन ही खालची मर्यादा. पण एका रिपोर्टवर जाऊ नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. मधे डेंग्यू, मोठा ताप?

चकवा: नाही हो.

रानमेवा: मांडीवर लॅपटॉप घेता? वृषणांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं, म्हणून तर ते बाहेर. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगलेल्या, असेल तरी काउंट पडतो. डावीकडची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणून तिथेच जास्त. सोनोग्राफी करा.

बंड्या: एवढं कशाला? टेस्टोस्टेरॉन वाढवा, काउंट आपोआप वाढतो.

चकवा: ते घेतोच आहे की. जिमचा ट्रेनर आठवड्याला इंजेक्शन देतो. पण ते बॉडीसाठी, त्याचा इथे काय संबंध?

मुक्ता: अरे देवा! आधी नाही का सांगायचं? बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी वृषणांना कामाला लावणारी एलएच, एफएसएच ही हार्मोन्स सोडायचं जवळजवळ थांबवते. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर, वृषणाच्या आत मात्र खडखडाट. मग शुक्राणू बनणार कुठून?

बंड्या: माझा मित्रही घेतो. त्याला मुलगा आहे.

पॅथवाला: घ्यायला लागण्याआधीचा की नंतरचा? १९९०च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने हेच दर आठवड्याचं इंजेक्शन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. आणि ते चाललं!

एक_वाचक: वडिलांना प्रोस्टेटमुळे रात्री सारखं उठावं लागतं. पीएसए करावी का?

मुक्ता: वेगळा धागा काढा हो.

चकवा: मग बंद केलं की परत येईल?

पॅथवाला: बहुतेकांचा येतो, पण महिने जातात, कधी वर्षाच्या वर. मनाने काही करू नका, अँड्रॉलॉजिस्टला, म्हणजे पुरुषांच्या प्रजननाच्या डॉक्टरला दाखवा. कुपीवरचं नाव लिहून न्या.

चकवा: कुपी ट्रेनरकडेच असते. आत्ता फोन करून विचारलं, तर म्हणतो 'सगळं नॅचरल आहे, भाऊ'.