मदत हवी आहे: शिक्षिकेचा छळ, आरोपी संस्थेचा सचिव, पोलीस म्हणतात आधी समितीचा अहवाल आणा (सोलापूर)

कडकभाकरी

नमस्कार मंडळी. विषय घरातला आहे, त्यामुळे शाळेचं किंवा संस्थेचं नाव देणार नाही. सोलापूरकरांपैकी कुणी ओळखलंच तर कृपया इथे लिहू नका.

माझी धाकटी जाऊ शहरातल्या एका खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक आहे. मानधन महिना 18,000. परिवीक्षेची तीन वर्षं पुरी होऊन कायम व्हायला थोडेच महिने उरलेत. त्रास देणारा माणूस संस्थेचा सचिव. आधी साडीवरून शेरे, मग "नवरा पुण्याला असतो, करमतं का तुम्हाला", मग रात्री उशिरा व्हॉट्सॲप. शाळेच्या कामाशिवाय मेसेज करू नका, असं तिने स्पष्ट लिहून कळवलं होतं. दिवाळीच्या सुट्टीआधी सही करायला म्हणून कार्यालयात बोलावलं, शिपायाला चहाला पिटाळलं आणि हात धरून जवळ ओढलं. ती हात सोडवून बाहेर पडली. मागून आवाज आला, "मान्यतेचा प्रस्ताव माझ्याच सहीने जातो, ध्यानात ठेवा."

एवढं होऊनही संक्रांतीला मेसेज आलाच: "सगळ्यांना तिळगूळ दिलात, आमची पाळी एकांतात का?"

मुख्याध्यापिका म्हणाल्या, नाव तुझंच खराब होईल. समितीचं विचारलं तर भिंतीवरचा 'सखी सावित्री समिती'चा फलक दाखवला. अंतर्गत तक्रार समिती कागदावर आहे म्हणे, पण तिची अध्यक्ष सचिवाची भावजय, जी शाळेत नोकरीलाही नाही. वर संस्थेने तोंडी सांगितलं की घटनेला तीन महिने उलटले, आता तक्रार चालत नाही. पोलीस ठाण्यात अर्ज घेतला, पोच दिली, पण गुन्हा नोंदवला नाही. "कामाच्या ठिकाणचा विषय आहे, आधी समितीचा अहवाल आणा."

हे खरं आहे का? तीन महिने गेले म्हणजे तो माणूस सुटला? आणि गुन्हा नोंदवला तर हिच्या नोकरीचं काय?

सासरे म्हणतात मिटवून टाका, गड्डा यात्रेत लोक विचारत होते. मान कुणाची खाली जायला हवी, हे त्यांना अजून पटवता आलेलं नाही.

बाराबंदी

ताई, पोलिसांनी सांगितलं ते चूक आहे. समितीची चौकशी ही नोकरीतली कारवाई आणि पोलिसांतला गुन्हा ही फौजदारी. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचं कलम 28 सांगतं की हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. उलट बाईला फौजदारी तक्रार करायची असेल तर मालकाने तिला मदत करावी, असं कलम 19 म्हणतं. तुमच्या संस्थेची मदत दिसतेच आहे.

तीन महिन्यांची मुदत फक्त समितीपुढच्या तक्रारीला आहे, आणि तीही शेवटच्या प्रकारापासून मोजतात. संक्रांतीचा मेसेज हा तुमचा शेवटचा प्रकार. म्हणजे मुदत संपलेलीच नाही. संपली असती तरी कारणं लेखी नोंदवून समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते.

गुन्ह्याचं गणित वेगळं. 1 जुलै 2024 नंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागते. हात धरून ओढलं, त्याला कलम 74: किमान एक, कमाल पाच वर्षं, दखलपात्र आणि अजामीनपात्र. कलम 75 लैंगिक छळाचं: नको असलेला स्पर्श किंवा शरीरसुखाची मागणी असेल तर तीन वर्षांपर्यंत, नुसते शेरे असतील तर एक वर्षापर्यंत. नको सांगूनही वारंवार मेसेज केले, त्याला 78 (पाठलागाचं कलम) लावता येतं. तक्रारीत फक्त "त्रास दिला" असं लिहू नका. हात कसा धरला, कुठे ओढलं, प्रस्तावाबद्दल नेमके काय शब्द वापरले, ते तसंच्या तसं लिहा. मोघम लिहिलं की 74 गळतं आणि जामिनावर सुटणारं 75 तेवढं उरतं. हे मी कोर्टात पाहत आलोय.

कोर्टाने दखल घेण्याची मुदत शेऱ्यांना एक वर्ष, स्पर्शाच्या 75 ला तीन वर्षं. 74 ला अशी मुदतच नाही.

आता करायचं काय? शहर असल्याने पोलीस आयुक्तालयात लेखी तक्रार द्या, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 173(4) चा उल्लेख करून. एक प्रत रजिस्टर पोस्टाने. तरीही हललं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, 175(3) खाली. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा आहे. वकिलाचा खर्च जड वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बाईला उत्पन्नाची अट नाही.

मेसेज पुसू नका, फोन विकू नका, स्क्रीनशॉटवर भागवू नका. मूळ फोन लागेल.

कडकभाकरी

खूप आभार. मग समितीकडे जायचंच नाही का? भावजयीपुढे काय सांगणार ही?

पाटीपेन्सिल (निवृत्त मुख्याध्यापिका)

जायचं, पण त्या समितीकडे नाही. सखी सावित्री तर विद्यार्थ्यांसाठी असते, शिक्षिकेच्या तक्रारीशी तिचा संबंध नाही. अंतर्गत समितीची अध्यक्ष त्याच ठिकाणी नोकरी करणारी वरिष्ठ बाई हवी, म्हणजे ही भावजय तिथेच बाद. आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. सचिव म्हणजे व्यवस्थापनच की. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे चौकशी करा. पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.

नोकरीबद्दल भीती खरी आहे, खोटं कशाला सांगू. परिवीक्षेतल्या माणसाला "काम समाधानकारक नाही" म्हणून काढणं संस्थांना सोपं जातं. म्हणून आजवरचे निकाल, पाठ टाचण, शेरेबुक, सगळ्याच्या प्रती घरी आणून ठेवा. काढलंच तर 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील, ते सोलापुरातच आहे. पुढे उच्च न्यायालयात रिट याचिकेची वेळ आली तरी आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला त्याचं सर्किट बेंच बसतं. शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांनाही तक्रारीची प्रत द्या, म्हणजे प्रस्ताव अडला तर का अडला ते कागदावर राहील.

कडकभाकरी

आज एक मध्यस्थ घरी येऊन गेले. सचिव माफी मागतील, प्रस्तावही लगेच पाठवतील, फक्त अर्ज मागे घ्या म्हणतात. सासरे पाघळलेत.

बाराबंदी

74 आणि 75 तडजोडीने मिटणाऱ्या कलमांत येत नाहीत. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या एका शिक्षकावरचा गुन्हा तडजोडीवरून रद्द करणारा आदेश फिरवला होता. तिथे पीडित अल्पवयीन विद्यार्थिनी होती, पण असा गुन्हा दोन घरांतला खाजगी मामला नव्हे, हा मुद्दा इथेही कामाचा. समितीपुढे समेट होऊ शकतो, पण तो बाईने स्वतः मागितला तरच, आणि पैशावर नाही. मध्यस्थ कधी आले, काय म्हणाले, ते आजच लिहून ठेवा. प्रस्ताव पाठवण्याची लालूच म्हणजे प्रस्ताव मुद्दाम अडवून ठेवल्याची कबुलीच की.

कडकभाकरी

हे सासऱ्यांना वाचून दाखवते. सोमवारी आयुक्तालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय, दोन्हीकडे जातोय, जाऊबाई स्वतः येणार आहे. एकच शंका: दहावीची परीक्षा तोंडावर आहे. आता रजा टाकली तर तिच्यावरच ठपका ठेवतील का?

पाटीपेन्सिल

साधी रजा टाकू नका. चौकशी चालू असताना समिती तीन महिन्यांपर्यंत रजेची शिफारस करू शकते, ती हक्काच्या रजेतून वजा होत नाही. शिवाय त्याने हिच्या कामाबद्दल अभिप्राय किंवा गोपनीय अहवाल लिहू नये, अशीही शिफारस होते, आणि परिवीक्षा संपत आलेली असताना मला ती जास्त मोलाची वाटते. दोन्ही मागण्या सोमवारच्या अर्जातच घाला.