नोकरी, घर आणि डोंगरी अर्ध-मॅरेथॉनचा सराव : विश्रांती नेमकी कुठून काढायची?

शाहूपुरीची बाई

नमस्कार. मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते आणि कोरेगाव तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. यजमान औद्योगिक वसाहतीत कामाला असून त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. घरी सासूबाई, आठवीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी आहेत. यंदा प्रथमच साताऱ्याच्या डोंगरी अर्ध-मॅरेथॉनला नाव नोंदवले आहे, त्यामुळे आठवड्यात अजिंक्यतारा आणि रविवारी यवतेश्वरचा घाट असा सराव चालू आहे.

आमच्या गल्लीत पहाटे पाचला नळाला पाणी येते आणि जेमतेम पाऊण तास टिकते, म्हणून साडेचारला उठावे लागते. पाणी भरून झाले की पळायला जाते. परत आल्यावर चार डबे, सासूबाईंचा नाश्ता, मग दुचाकीवरून शाळा. संध्याकाळी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, वह्या तपासणे, ऑनलाइन माहिती भरणे, आणि पाठ टेकेपर्यंत साडेअकरा वाजतात. शनिवारी सकाळची शाळा असल्याने दुपारी तरी पडता येईल असे वाटते, पण तेव्हाच दळण, मंडई आणि बँक ही कामे निघतात. रविवारी घाटावरून आले की आठवड्याचे धुणे आणि सोमवारची तयारी असते.

अलीकडे किल्ल्याच्या निम्म्या चढावरच पाय शिशासारखे जड होतात. परवा वही तपासताना बरोबरची खूण करता करता लाल रेघ तशीच पानाच्या तळापर्यंत ओढली गेली, आणि शेजारी बसलेल्या मुलीने हात हलवला तेव्हा डुलकी लागल्याचे कळले. मुलांवर विनाकारण ओरडले जाते, ते वेगळेच.

घरातले आणि शेजारचे सगळे ‘पळणे बंद कर’ असे सांगतात. तो एक तास काढून टाकला तर दिवसात माझा म्हणावा असा वेळच उरत नाही, म्हणून कृपया ते उत्तर देऊ नये. झोप तुकड्यातुकड्यांनी घेतली तर चालते का, नुसते बसून राहणे विश्रांतीत धरावे का, आणि इतक्या भरलेल्या दिवसात लोक वेळ कुठून काढतात, हे जाणून घ्यायचे आहे.

घाटवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि या शर्यतीची तयारी करणारे बरेच जण माझ्याकडे येतात. 2012 पासून ही शर्यत होत आहे आणि तिच्यामुळे साताऱ्यात पहाटे पळणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र सराव म्हणजे किती किलोमीटर झाले एवढाच हिशेब, असा समजही त्याबरोबर पसरला. पळताना स्नायू बळकट होत नाहीत, उलट त्यांना सूक्ष्म इजा होते. त्यांची डागडुजी आणि वाढ नंतरच्या विश्रांतीत होते. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात असतो आणि वाढीचे संप्रेरक तेव्हाच सर्वाधिक स्रवते. स्वप्नांची झोप मात्र पहाटेकडे जास्त असते, आणि साडेचारच्या गजराने नेमकी तीच कापली जाते. चिडचिड वाढण्यामागे हेही एक कारण असू शकते.

तुमच्या सरावाबद्दल एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. घाट चढताना दम लागतो म्हणून आपल्याला चढ अवघड वाटतो, पण मांडीच्या पुढच्या स्नायूंना खरा मार उतारावर बसतो, कारण ते ताणले जात असतानाच शरीराचे वजन सावरत असतात. हे दुखणे साधारणपणे एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते. म्हणजे रविवारी यवतेश्वरहून पळत उतरल्यावर सोमवारी किंवा मंगळवारी पुन्हा किल्ला चढणे हे भरत आलेली जखम उकरण्यासारखे आहे. ते दोन दिवस सपाटीवर चालावे. सकाळी अंथरुणातच नाडीचे ठोके मोजण्याची सवय लावावी. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त येऊ लागले तर शरीर सावरलेले नाही असे समजून त्या दिवशी पळू नये.

आणखी एक. पायांचा जडपणा केवळ झोपेमुळे आहे असे गृहीत धरू नये. देशातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले आहे. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉईड या तपासण्या करून घ्याव्यात. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो, म्हणून फेरिटिन वगळू नये.

तुम्ही ‘ते उत्तर नको’ म्हटले आहे, तरीही सांगतो की पाच तासांच्या झोपेवर अर्ध-मॅरेथॉनचा सराव मी कोणालाच सुचवणार नाही. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात.

मिरजेची परिचारिका

वरील उत्तरातले शास्त्र बरोबर आहे, पण शेवटचे वाक्य वाचून मला थोडा रागच आला. सात तास हवेत हे ताईंनाही ठाऊक आहे. ते आणायचे कुठून हा त्यांचा प्रश्न आहे. बाईचा दिवस भरून वाहू लागला की सगळ्यांची नजर सर्वांत आधी तिच्या स्वतःच्या तासावर जाते. डबे चार का, पाणी एकटीनेच का भरायचे, हे विचारायला कोणी तयार नसते.

आता रात्रपाळीत वर्षे काढल्यामुळे जे ठाऊक आहे ते लिहिते. तुकड्यांची झोप रात्रीच्या झोपेची पूर्ण भरपाई करत नाही, पण तिचा उपयोग निश्चित होतो. मधल्या सुट्टीत डबा झाल्यावर वीस मिनिटे बाकावर डोके टेकून झोपावे आणि गजर लावावा. अर्ध्या तासाच्या पुढे गेलात तर गाढ झोपेतून उठावे लागते आणि डोके आणखी जड होते. तीन वाजल्यानंतर मात्र झोपू नये. संध्याकाळच्या चहाचाही विचार करावा, कारण कॅफिनचे प्रमाण शरीरात निम्म्यावर यायला सुमारे पाच तास लागतात. साडेसहाला घेतलेल्या चहाचा अर्धा अंमल तुम्ही साडेअकराला अंथरुणावर पडता तेव्हा शिल्लक असतो.

नुसते बसणे विश्रांतीत धरावे का, तर धरावे, पण हातात मोबाइल नसेल तरच. शाळेच्या गटावर येणारे संदेश वाचत बसणे म्हणजे नोकरीच करणे आहे.

तुमच्या यजमानांचाही विचार व्हायला हवा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाची दिवसाची झोप तुटक आणि अपुरी होते, कारण मेंदूतले घड्याळ उजेडावर चालते. खोलीला जाड गडद पडदा लावणे, त्या वेळेत दाराची घंटा बंद ठेवणे आणि पहिली, दुसरी, तिसरी अशा पुढे सरकणाऱ्या क्रमाने पाळ्या मागून घेणे, एवढे केले तरी फरक पडतो. सलग 17 तास जागे राहिल्यावर माणसाची सावधानता जवळपास रक्तात 0.05 टक्के मद्य असल्याइतकी घसरते, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायदेशीर मर्यादा 0.03 टक्के आहे. रात्रपाळी सुटल्यावर महामार्गावरून दुचाकी चालवत येणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. वहीवर डुलकी लागते त्या ताईंनाही कोरेगावच्या रस्त्यावर तेच लागू आहे.

कृष्णाकाठचा पेन्शनर, वाई

मी पळणाऱ्यांपैकी नाही. घाटावर बसणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे माझे मत त्या हिशेबाने घ्यावे. शिक्षिकाताईंचा आठवडा वाचताना मला खटकला तो रविवार. सकाळी यवतेश्वर, नंतर आठवड्याचे धुणे आणि सोमवारची तयारी, म्हणजे सुट्टीचा दिवसच सर्वांत कष्टाचा ठरतो.

गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून मागणी लावून धरली आणि 10 जून 1890 रोजी ती मान्य झाली. लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी होते, आणि फुल्यांचे मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले कटगुण. (गावाचा अभिमान म्हणून हे घुसडले आहे, हे मान्य.) ज्या सुट्टीसाठी माणसांना सहा वर्षे झगडावे लागले, ती आपण घरातल्या उरल्यासुरल्या कामांनी स्वतःहून भरून टाकतो. घाट शनिवारी दुपारनंतर करता आला तर पाहावा किंवा धुणे आठवड्यात वाटून घ्यावे, पण रविवारची दुपार कोणत्याही कामाला देऊ नये. तेव्हा कोणी आले-गेले तरी चहा दुसऱ्या कोणी तरी करावा.

तिसरी पाळी

मीही साताऱ्यातच पाळीने काम करतो आणि पत्नी नोकरी करते, म्हणून हा प्रश्न आमच्याच घरातला वाटला. बाकी सल्ले चांगले आहेत, पण माझ्या मते ताईंची गाठ पाण्याशी आहे. साडेचारला उठण्याचे कारण पळणे नसून नळ आहे, आणि त्यावर उपाय आहे.

आम्ही अंगणात जमिनीलगत प्लॅस्टिकची टाकी बसवून नळाची जोडणी थेट तिला दिली आणि आत फ्लोट व्हॉल्व्ह लावला. पाणी आले की टाकी भरते, भरली की आत येणारे पाणी आपोआप बंद होते, आणि त्यासाठी कोणालाही जागे राहावे लागत नाही. वरच्या टाकीत चढवण्याची मोटार सवडीने कधीही चालवता येते. व्हॉल्व्ह पितळी घ्यावा. प्लॅस्टिकचा आमच्याकडे पहिल्याच पावसाळ्यात चिकटला आणि अंगणभर पाणी झाले. पिण्याचे पाणी नळ चालू असताना भरायचे असेल तर पहिल्या पाळीच्या आठवड्यात यजमान उठलेलेच असतात, त्यांनी भरावे. रात्रपाळीच्या आठवड्यात आदल्या दिवशीचे पाणी पुरवून घेता येते.

डब्यांचेही आमच्याकडे वाटप झाले. कणीक मळणे आणि भाजी चिरणे रात्रीच होते, आणि ते माझ्याकडे किंवा मुलाकडे असते. आठवीतला मुलगा कांदा चिरू शकतो आणि स्वतःचा डबा भरू शकतो. सुरुवातीला आईला हे रुचले नाही. ‘पोरगा विळीवर बसला’ असे तिने भावकीत सांगितले, पण पुढे तीच त्याला कोथिंबीर निवडायला देऊ लागली. वेळ वाचवण्याच्या युक्त्या आम्हीही खूप करून पाहिल्या, परंतु वाचलेल्या वेळात दुसरे काम येऊन बसते. काम एका हातातून दुसऱ्या हातात गेले तरच पहिला हात मोकळा होतो, आणि हे ठरवायला घरातली सगळी माणसे एकत्र बसावी लागतात.

शाहूपुरीची बाई

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे यजमानांनाही वाचायला दिली. टाकीचे त्यांना इतके पटले की जागा मोजून झाली आणि प्लंबरला बोलावणेही गेले. पडद्याचे कापडही त्यांनीच आणले. आता साडेपाचला उठून साडेसातपर्यंत पळून येता येईल. मात्र त्यासाठी चारपैकी दोन डबे दुसऱ्या कोणी तरी भरायला हवेत. त्यावर अजून घरात चर्चा चालू आहे. मुलाची तयारी आहे, सासूबाईंचे मन वळायचे आहे. शाळेच्या कामाचा गट रात्री नऊनंतर पाहणार नाही असे मी सहकाऱ्यांना कळवले आहे. वरिष्ठांना ते कितपत रुचेल, ते पुढे दिसेलच. वाईच्या काकांनी सांगितलेली रविवारची दुपार तूर्त तरी मुलीने ताब्यात घेतली आहे, कारण आई घरी रिकामी बसलेली तिला फारशी आठवतच नाही आणि तिला पत्ते खेळायचे आहेत.

घाटवाट यांच्या सांगण्यावरून रक्त तपासले. हिमोग्लोबिन 10.4 आले आणि फेरिटिनही बरेच कमी आहे. थायरॉईड ठीक आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. शर्यतीत भाग घ्यावा की यंदा थांबावे, याबद्दल आपले मत हवे आहे.

घाटवाट

प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली असले तर तो रक्तक्षय मानतात, म्हणजे पाय जड होण्याचे एक मोठे कारण सापडले. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा, परंतु माझे मत विचारले आहे म्हणून लिहितो. नाव मागे घेण्याची घाई करू नये, घाटाचा सराव मात्र लगेच थांबवावा. गोळ्यांचा गुण काही आठवड्यांत जाणवू लागतो, पण लोहाचा साठा भरून यायला काही महिने लागतात आणि बरे वाटल्यावर गोळ्या बंद करण्याची चूक अनेक जण करतात. गोळी चहासोबत किंवा चहाच्या तासाभराच्या आत घेऊ नये. लिंबूपाण्यासोबत घेतलेली चांगली शोषली जाते.

महिनाभराने पुन्हा तपासणी करावी. आकडा चढणीला लागला असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर चढ चालत व सपाटी पळत अशा बेताने शर्यत पूर्ण करता येईल. घाट चालत चढणारे त्या दिवशी शेकड्याने असतात, त्यात कमीपणा काही नाही. आकडा हलला नसेल तर यंदा रस्त्याच्या कडेला उभे राहून धावपटूंना पाणी द्यावे. तोपर्यंत किल्ल्यावर मंगळाईदेवीपर्यंत चालत जावे, उतरताना डांबरी रस्त्याने चालतच यावे, आणि तो तास कोणालाही देऊ नये. परिचारिकाताईंचा राग रास्त होता.