'कोझियात रोग': सूडाचा सिनेमा की सूडाविरुद्धचा?

डोंगरवाट
(पुढे सगळी गोष्ट उघड केली आहे. आधी सिनेमा बघायचा असेल तर इथूनच मागे फिरा.)

मेतोदी आंदोनोव यांचा 'कोझियात रोग', म्हणजे 'बकरीचं शिंग', हा १९७२ चा कृष्णधवल बल्गेरियन सिनेमा. काळ सतराव्या शतकातला, ऑटोमन अमलाखालचा. काराइव्हान हा डोंगरात शेळ्या राखणारा माणूस. तो घरी नसताना चार तुर्क घरात शिरतात, त्याच्या बायकोवर बलात्कार करतात, त्यात ती मरते. छोटी मारिया हे सगळं बघते. बाप घर पेटवून देतो आणि पोरीला रानात नेऊन मुलगा म्हणून वाढवतो. केस कापलेले, अंगावर पुरुषी कपडे, दिवसभर मारामारीचं शिक्षण. ती हाताशी आली की एकेकाला गाठून मारायचं आणि प्रेतापाशी बकरीचं शिंग टाकून जायचं.

'तुर्कांच्या जुलमाचा सिनेमा' अशी याची ओळख करून देतात. मला ती अजिबात पटत नाही. आंदोनोवना त्या चौघांत रस नाही, बाप पोरीचं काय करतो यात आहे. पुढे मारियाचा एका मेंढपाळावर जीव जडतो. बापाला सुगावा लागतो आणि तो त्या मेंढपाळालाच मारून टाकतो. त्या बिचाऱ्याने कुणाचं काय वाकडं केलं होतं? मग मारिया जीव देते. ज्या पोरीसाठी म्हणून सगळं केलं, तिचं प्रेत बापाच्या पदरात. याला राष्ट्रभक्तीचा सिनेमा कसा म्हणायचा?

तिरकस_रेघ
असाच म्हणायचा! बल्गेरियाची लोकसंख्या तेव्हा साधारण ८५ लाख, आणि सिनेमाची तिकिटं खपली तीस लाखांच्या घरात. ही गर्दी बापाच्या मानसशास्त्रासाठी लोटली होती असं तुम्हाला खरंच वाटतं?

आणि १९७२ साल डोळ्याआड करू नका. नेमक्या त्याच काळात सरकार रोडोपे डोंगरातल्या पोमाकांची, म्हणजे बल्गेरियन बोलणाऱ्या मुसलमानांची, नावं जबरदस्तीने बदलत होतं. आजोबांपासून चालत आलेलं नाव सोडायचं आणि सरकारमान्य बल्गेरियन नाव लावायचं. मार्च १९७३ मध्ये कोर्नित्सा गावाने विरोध केला, तो चिरडताना माणसं मेली. अशा वेळी थिएटरात चार तुर्क घरात शिरताना दाखवायचे, आणि वर म्हणायचं की हा बापलेकीचा खासगी मामला आहे?

डोंगरवाट
सरकारने काय केलं ते मी नाकारत नाहीच. पण सरकारी प्रचार कसा दिसतो ते बघायचं तर ल्युदमिल स्तायकोव यांचा 'व्रेमे राझदेल्नो' बघा. १९८८ चा. तिथे ऑटोमनांनी ख्रिश्चनांवर केलेली धर्मांतराची सक्ती हाच विषय आहे, भाषणं आहेत, हौतात्म्य आहे. तो आला तोवर बल्गेरियातल्या तुर्कांचीही नावं बदलून झाली होती (१९८४-८५), आणि पुढच्याच वर्षी तीन लाखांवर माणसं तुर्कस्तानात निघून गेली. त्याच्या शेजारी 'कोझियात रोग' ठेवा. कुणी भाषण देत नाही. मुळात कुणी बोलतच नाही फारसं!

तिरकस_रेघ
बोलत नाही म्हणूनच तर जास्त लागतं. भाषणाशी वाद घालता येतो. ते चौघे कोण, कुठले, घरी त्यांचं कोण, याची सिनेमाला फिकीर नाही. आणि तुम्ही त्यालाच संयम म्हणताय.

रानमेवा
दोघंही लोककथेकडे यायला तयार नाही, म्हणून मधे पडते.

मूळ कथा निकोलाय हायतोव यांची, 'दिवी राझकाझी' या १९६७ च्या संग्रहातली. पटकथाही त्यांचीच. हायतोव रोडोपेतल्या यावरोवो गावचे, पेशाने वनाधिकारी. त्या डोंगरातली माणसं कशी बोलतात ते त्यांनी चाकरी करता करता ऐकलं होतं आणि कथांत ते कानाला जाणवतं. त्या मुलखात हैदुकांची गाणी फार. हैदुक म्हणजे डोंगरात राहून सत्तेशी लढणारे बंडखोर, कुणी लुटारूही म्हणेल. रोडोपेतल्याच देल्यो हैदुकाचं गाणं, वाल्या बाल्कान्स्का यांच्या आवाजातलं, १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातल्या तबकडीवर अवकाशात गेलं.

आता मुद्दा. या गाण्यांत पुरुषवेष घेणाऱ्या बायकाही आहेत. सिर्माचं गाणं सुरूच होतं ते 'मुलगी सरदार झालेली कुठं कुणी ऐकलीय, पाहिलीय का?' अशा थाटात. पण ती आपल्या मर्जीने डोंगरात जाते आणि गाणं तिचा तोरा मिरवतं. मारियाला कुणी विचारलं? तिचा वेष बापाने चढवलेला. प्रेक्षक ही गाणी ऐकतच मोठा झालेला असतो, त्याला शूर पोरीची गोष्ट अपेक्षित असते, आणि हातात येते बापाने मोडलेली पोर. माझ्या मते सिनेमाचा खरा घाव तिथे आहे. तो तुर्कांवर नाही आणि नुसता बापावरही नाही, त्या गाण्यांच्या अभिमानावर आहे.

कोपऱ्यातली_खुर्ची
रानमेवा, प्रतिसाद आवडला. आणखी एक: आई आणि मोठी झालेली मारिया, दोन्ही भूमिका कात्या पास्कालेवा यांच्याच. याकडे 'डबल रोल' म्हणून बघू नका. केस कापलेल्या, मळक्या चेहऱ्याच्या मारियाकडे काराइव्हान (आंतोन गोर्चेव) बघतो तेव्हा त्याला मेलेली बायकोच दिसत असणार. मेंढपाळाच्या खुनात मग नुसता सूड उरत नाही. त्यात मालकी येते, आणि मला तर थोडी किळसच आली.

१९९४ मध्ये निकोलाय वोलेव यांनी हीच गोष्ट रंगीत काढली. ती बघण्याच्या फंदात पडू नका. रंग आले आणि दगड-धूर-कातडं यांचा तो खरखरीत स्पर्श गेला.

बिनपाण्याची_हजामत
आपल्याकडच्या शिवकालीन सिनेमांवर हेच चाललंय की! शत्रू काळाकुट्ट आणि आपले सगळे...

रानमेवा
त्यासाठी ढीगभर धागे आहेत हो, तिकडे जा. इथे बल्गेरिया चालू द्या.

तिरकस_रेघ
रानमेवा, सिर्माचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्याने माझं म्हणणं पडत नाही. तुम्हाला गाणी माहीत आहेत म्हणून तुम्हाला तो उलटा घाव दिसतो. कोर्नित्सातला कुणी पोमाक तेव्हा हा सिनेमा बघायला बसला असेल तर त्याने काय बघितलं असेल? पहिल्या काही मिनिटांत घरात शिरणारे ते चौघे. पुढचं बापलेकीचं दुःख त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच आजूबाजूच्या खुर्च्यांतून त्याच्याकडे माना वळलेल्या असतील.

डोंगरवाट
माना वळवणाऱ्यांचा दोष आंदोनोवच्या माथी कशाला? ते तर १९७४ मध्ये, पुरते पंचेचाळीसचेही नसताना गेले. आपल्या सिनेमाचा पुढे कोण कसा वापर करतंय हे बघायलाही उरले नाहीत.

तिरकस_रेघ
नावं बदलणं १९७४ च्या आधीच सुरू झालं होतं, साहेब. तारखा वर मीच दिल्यात.