दोन व्हीएमसी, एकच मोठा ग्राहक: नवीन जॉबवर्कसाठी ऑनलाइन काय करावं आणि ओळखी कशा वापराव्यात?

स्पिंडल_भोसरी

भोसरी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची संगणकावर चालणारी मिलिंग मशीन, ट्रॅव्हल ८०० × ५०० × ५०० मिमी), एक सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारं लेथ), सहा माणसं, दोन शिफ्ट. ॲल्युमिनियम आणि माइल्ड स्टीलचे ब्रॅकेट, हाउसिंग, थोडं फिक्स्चरचं (पार्ट पकडून ठेवायच्या साधनांचं) काम. ८० टक्के काम चाकणच्या एकाच ग्राहकाचं आहे आणि त्यांचं ऑर्डरचं शेड्यूल खाली आलंय. मशीनचे हप्ते चालू आहेत.

लिंक्डइनवर खातं आहे, पण त्यावर काहीच टाकलेलं नाही. व्हॉट्सॲप बिझनेस नुसतं फोनमध्ये आहे. बी-टू-बी साइटवाल्यांचे पॅकेज घ्या म्हणून रोज फोन येतात. विचारायचंय ते असं: सुरुवात कुठून करावी? ओळखीच्या लोकांकडे काम मागायचं तर कसं, म्हणजे लाचारी वाटणार नाही? आणि पैसे देऊन लीड (ग्राहकांच्या चौकशा) घेणं परवडतं का?

---

व्हेंडर_डेव्ह

आधी एक पानाचं कॅपॅबिलिटी शीट, म्हणजे शॉप काय करू शकतं याची माहिती, तयार करा. ते हातात नसेल तर लिंक्डइन, गुगल, ओळखी सगळं वाया जातं. कोणी तुमचं नाव परचेसला (खरेदी विभागाला) सुचवलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘प्रोफाइल पाठवा.’ त्यावर दोन दिवसांनी वीस पानांचं रंगीत ब्रोशर गेलं, तर ते कोणी उघडत नाही.

त्या पानावर काय हवं: प्रत्येक मशीनचा मेक, वर्ष, कंट्रोलर, ट्रॅव्हल, स्पिंडलचा आरपीएम. टर्निंगसाठी कमाल व्यास, लांबी आणि बार कपॅसिटी. नियमित चालवता ते मटेरियल ग्रेडसकट. मोजमापाची साधनं, लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वात छोटं माप) आणि कॅलिब्रेशनची तारीख. सीएमएम (त्रिमितीय मोजमाप), हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, ॲनोडायझिंग बाहेरून करत असाल तर तसं स्पष्ट लिहा, लपवू नका. जीएसटीआयएन, उद्यम (लघुउद्योग नोंदणी) नंबर, आयएसओ असल्यास त्याची मुदत. संपर्काला एकच माणूस, एकच नंबर. पीडीएफ १ एमबीच्या आत ठेवा आणि फाइलच्या नावात शॉपचं नाव असू द्या. ‘प्रोफाइल फायनल २’ नावाची फाइल नंतर कोणाला सापडत नाही.

टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहिताना ५०० नगांच्या लॉटमध्ये रोज धरू शकता तोच आकडा लिहा. एखाद्या सॅम्पलवर ५ मायक्रॉन आले म्हणून ५ मायक्रॉन लिहिलं, तर तसंच ड्रॉइंग येतं आणि पहिल्याच लॉटला रिजेक्शन लागतं. तिथून परत उभं राहणं फार अवघड.

बहुतेक जण विसरतात ती ओळ म्हणजे रिकामे तास. २ मशीन × १६ तास × २६ दिवस म्हणजे महिन्याला ८३२ तास. सेटिंग, मेंटेनन्स, गैरहजेरी धरून ७५ टक्के पकडा, ६२४ होतात. सध्याच्या कामाला ४०० जात असतील, तर ‘व्हीएमसीचे महिना २२० तास उपलब्ध’ असं लिहा. ज्याच्या डोक्यावर कपॅसिटीचा ताण आहे, त्याला याच आकड्याची गरज असते.

‘सर्व प्रकारची मशीनिंगची कामे केली जातील’ हे वाक्य काढून टाका. त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

आणि सध्याच्या ग्राहकाच्या पार्टचे फोटो किंवा ड्रॉइंग कुठेही टाकू नका. गोपनीयतेचा करार असेल तर तो मोडतो. करार नसला तरी समोरचा हेच बघतो की उद्या हा आपलाही पार्ट असाच दाखवत फिरेल. दाखवायला स्वतःच्या खर्चाने एखादा नमुना पार्ट करा: पातळ भिंत, एक खोल पॉकेट, एक टाइट बोअर.

---

मायक्रॉन

वरच्या शीटमध्ये भर नाही, फक्त ऑनलाइनचा भाग सांगतो.

गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे आणि त्याला एक दुपार लागते. नाव बोर्डावर, बिलावर आहे तेच द्या. नावापुढे ‘बेस्ट व्हीएमसी जॉबवर्क भोसरी पुणे’ असं जोडलं की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं आणि मग अपील करत बसावं लागतं. मुख्य कॅटेगरी मशीन शॉपची निवडा. पडताळणीसाठी हल्ली बहुतेकदा व्हिडिओ मागतात. तो फोनवरूनच, सलग, न कापता घ्यायचा: रस्ता आणि शेजारचे गाळे, मग तुमचा बोर्ड, मग किल्लीने शटर उघडताना, मग आतली मशीन. शटर उघडण्याचा भाग राहिला की ‘हा धंदा तुमचाच’ हे सिद्ध होणं अवघड जातं आणि व्हिडिओ नामंजूर होऊ शकतो. वर्णनाला ७५० अक्षरं मिळतात, त्यात मशीन, मटेरियल आणि पार्टचा आकार लिहा. रिव्ह्यू खऱ्या ग्राहकांकडूनच मागा. त्यासाठी सूट किंवा भेट देणं नियमात बसत नाही.

याने लगेच ऑर्डर येतील अशी अपेक्षा ठेवू नका. पण कोणी नाव सुचवलं की समोरचा आधी गुगल करतो, आणि तिथे बोर्ड, मशीन, चालू नंबर दिसला की फोन लागतो.

लिंक्डइनवर हेडलाइनमध्ये ‘प्रोप्रायटर’ किंवा ‘मॅनेजिंग डायरेक्टर’ एवढंच नको. व्हीएमसी आणि सीएनसी मशीनिंग, ॲल्युमिनियम हाउसिंग, भोसरी पुणे, हे शब्द तिथे हवेत, कारण शोधणारा हेच टाइप करतो. मग तुम्ही शोधा: सोर्सिंग, व्हेंडर डेव्हलपमेंट, एसक्यूई (पुरवठादारांची गुणवत्ता बघणारे इंजिनिअर) या हुद्द्यांची माणसं, पुणे आणि आसपासची. मोठ्या ऑटो कंपन्यांच्या थेट मागे लागू नका. तिथे आयएटीएफ (ऑटो क्षेत्राचं गुणवत्ता प्रमाणपत्र), पीपीएपी (पार्ट मंजुरीची प्रक्रिया), ऑडिट असं सगळं लागतं आणि सहा माणसांच्या शॉपला ते झेपायला वेळ जातो. ऑटोमेशन मशीन बांधणारे, पॅकेजिंग मशीनवाले, पंप-व्हॉल्व्हवाले, टेस्ट रिग करणारे बघा. त्यांच्याकडे लॉट छोटे असतात, पण पार्ट विविध आणि दर बरा.

फुकटच्या खात्यात चिठ्ठी जोडून पाठवायच्या विनंत्यांना महिन्याची मर्यादा आहे आणि चिठ्ठी २०० अक्षरांत बसवावी लागते. म्हणून ती निवडक लोकांनाच. मजकूर असा काहीसा:

‘नमस्कार. भोसरीत आमचं व्हीएमसी शॉप आहे, ॲल्युमिनियम हाउसिंग ५ ते ५०० नगांचे लॉट करतो. सध्या मशीनचे तास उपलब्ध आहेत. संपर्कात राहायला आवडेल.’

पहिल्याच मेसेजला शीट चिकटवू नका. विनंती स्वीकारल्यावर पाठवा, आणि सोबत त्यांच्या कामाबद्दल एक नेमका प्रश्न विचारा.

---

कार्बाइड

ओळखींबद्दल. तुमच्या धंद्यात कोणाकडे काम जास्त झालंय हे सगळ्यात आधी ज्यांना कळतं, ते बिझनेस क्लबात बसलेले नसतात. इन्सर्ट आणि एंडमिल (मशीनची कटिंग टूल) विकणारा सेल्समन आठवड्याला कितीतरी शॉप फिरतो. कुठे टूलचा खप वाढला, कुठे नवीन प्रोजेक्ट आला, त्याला बिलावरूनच समजतं. तसाच हीट ट्रीटमेंटवाला, ॲनोडायझिंगवाला, सीएमएम लॅब, मटेरियल कापून देणारा स्टॉकिस्ट. यांचा फायदाही सरळ आहे: तुमचं काम वाढलं की त्यांचं वाढतं. त्यामुळे त्यांना विचारण्यात लाचारी कसली?

पण विचारणं नेमकं हवं. ‘काही काम असेल तर बघा’ म्हटल्यावर माणूस ‘हो हो’ म्हणतो आणि विसरतो, कारण काय बघायचं हेच त्याला कळलेलं नसतं. असं विचारा: ‘दादा, ३०० मिलिमीटरच्या आतल्या ॲल्युमिनियम पार्टसाठी व्हीएमसीचे दोनशे तास आहेत. तुमच्या फिरतीत सध्या कोणाचं काम अडलंय का? असेल तर परचेसमध्ये कोणाशी बोलू?’ त्याने नाव दिलं की पुढचं सोपं करा: दोन ओळींचा मेसेज आणि शीट असं द्या की त्याला नुसतं फॉरवर्ड करावं लागेल. स्वतःहून कोणी तुमच्याबद्दल परिच्छेद लिहीत बसणार नाही.

ज्याने ओळख करून दिली, त्याला त्याच दिवशी कळवा की फोन झाला. कोट गेल्यावर एकदा, निकाल लागल्यावर एकदा. काम मिळालं नाही तरी. बहुतेकांची ओळख इथेच आटते. शब्द टाकणाऱ्याला पुढे काय झालं हे तिसऱ्याकडून समजतं आणि मग तो परत शब्द टाकत नाही.

शेजारच्या शॉपना प्रतिस्पर्धी समजू नका. ज्याच्याकडे फक्त टर्निंग आहे त्याला मिलिंग लागतं, ज्याच्याकडे मोठं एचएमसी (आडव्या स्पिंडलचं मशीन) आहे त्याला छोटे पार्ट नको असतात. मात्र त्याच्याकडून काम घेतलं तर त्याच्या ग्राहकाशी परस्पर बोलायचं नाही. चलानवर पत्ता दिसतो म्हणून फोन लावला, तर अख्ख्या गल्लीत नाव खराब होतं.

ग्राहकाच्या नोकरदार माणसाला कमिशन देऊ नका, मागितलं तरी. तो बदलला की काम जातं, आणि उघडकीला आलं तर त्या कंपनीचं दार कायमचं बंद. सल्लागार किंवा एजंट असेल तर लेखी ठरवा: किती टक्के, कोणत्या पार्टवर, किती महिने, आणि पैसे जमा झाल्यावरच.

क्लब वाईट नाहीत. सॅटर्डे क्लबमध्ये मराठी उद्योजक भरपूर आहेत, बीएनआय या रेफरल नेटवर्कच्या एका चॅप्टरमध्ये (स्थानिक गटात) एका व्यवसायाचा एकच सभासद घेतात. पैसे भरण्याआधी पाहुणा म्हणून जा आणि सभासदांची यादी बघा. इंटीरियर, इन्शुरन्स, केटरिंगवालेच जास्त असतील तर तुमच्या कामाचं तिथे फार नाही. चारपाच मशीन बिल्डर, डिझाइनवाले किंवा ऑटोमेशनवाले असतील तर विचार करा. एमसीसीआयए (मराठा चेंबर) किंवा लघुउद्योग भारतीचे व्हेंडर मेळावे मात्र चुकवू नका, तिथे परचेसवाले स्वतः येतात.

---

स्पिंडल_भोसरी

खूप उपयोगी. शीट आजच लिहायला घेतो. दोन शंका: पेड लीडचं काय? आणि अनोळखी ठिकाणाहून चौकशी आली तर रेट कसा द्यायचा, पैसे अडकणार नाहीत हे कसं बघायचं?

---

लॉट_साइज

पेड लीडमध्ये तीच चौकशी एकाच वेळी अनेकांना गेलेली असते, त्यामुळे पहिला फोन कोणाचा यावर बरंच ठरतं. फोनवर दिवसभर बसणारा माणूस नसेल तर पॅकेज घेऊ नका. फुकट लिस्टिंग ठेवा आणि दर चौकशीला हे विचारा: रिव्हिजन नंबरसकट ड्रॉइंग, मटेरियल ग्रेड आणि मटेरियल कोणाचं, लॉट किती आणि वर्षाला किती, ट्रीटमेंट, पेमेंटची अट. जो ड्रॉइंग न देता ‘तासाचा रेट सांगा’ म्हणतो, तो बहुधा दुसऱ्याला घासायला आकडा गोळा करतोय.

कोट २४ तासांत द्या. जमत नसेल तर ‘परवा दुपारपर्यंत देतो’ एवढं तरी त्याच दिवशी कळवा. सेटिंग वेगळी दाखवा. समजा तासाला ५०० रुपये धरले, सायकल टाइम लोडिंगसह १४ मिनिटं, म्हणजे नगाला सुमारे ११७ रुपये. सेटिंगला ३ तास, १५०० रुपये. ५० नगांवर नगाला ३० रुपये पडतात, ५०० नगांवर फक्त ३. म्हणून कोटात लॉटप्रमाणे तीन रेट द्या. एकच रेट दिला की ग्राहक ५०० च्या रेटने ५० नग मागतो आणि तुम्ही तोट्यात जाता. टूलिंग, फिक्स्चर, पहिल्या नगाचा सीएमएम रिपोर्ट यांचा खर्चही वेगळ्या ओळीत. मटेरियल ग्राहकाचं असेल तर रिजेक्शन किती टक्क्यांपर्यंत धरायचं आणि कास्टिंगमधला ब्लो होल (हवेची पोकळी) कोणाच्या माथी, हे पीओवर (खरेदी ऑर्डरवर) लिहून घ्या. नाहीतर महिनाअखेरीला डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी) येते.

चौकशा, कोट आणि पुढे कधी बोलायचं याची तारीख एका शीटमध्ये ठेवा, ‘कोणाच्या ओळखीने’ हा रकाना घालून. व्हॉट्सॲप बिझनेसची लेबलं रोजच्या कामाला पुरतात: चौकशी, कोट दिला, सॅम्पल चालू, पेमेंट बाकी. ब्रॉडकास्टवर विसंबू नका. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो पोचतच नाही.

---

४५_दिवस

पेमेंटचं बघू. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, पैसे मागणाऱ्या साइट टाळा. नंबर प्रत्येक बिलावर आणि पहिल्या कोटावर छापा. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ च्या कलम १५ प्रमाणे लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, आणि करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ पासून आयकरात आलेल्या ४३बी(एच) मुळे मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच धरता येते. हे सूक्ष्म आणि लघु उद्योगांपुरतं आहे. मार्चमध्ये त्यांच्या अकाउंट्सला तुमचं नाव सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेलं दिसलं पाहिजे, म्हणून उद्यम प्रमाणपत्र त्यांना ईमेलनेच पाठवा. नुसतं तोंडी सांगितलं तर उपयोग नाही.

२५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर (छोट्या उद्योगांच्या बिलांवर फायनान्स मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यासपीठावर) नोंदणी सक्तीची आहे. असा ग्राहक मिळाला तर बिल तिथे चढवता येईल का, हे पीओच्या आधीच विचारा. त्यांनी बिल मंजूर केलं की फायनान्सर पैसे देतो आणि वसुली त्यांच्याकडून करतो.

अनोळखी ग्राहकाचा जीएसटीआयएन जीएसटी पोर्टलवर टाका: नोंदणी चालू आहे का आणि रिटर्न भरलेत का, दोन्ही दिसतं. ईमेलचं डोमेन एकेक अक्षर वाचा. मोठ्या कंपनीच्या नावाने ‘व्हेंडर रजिस्ट्रेशन फी’ किंवा ‘सिक्युरिटी डिपॉझिट भरा, मग पीओ’ असं आलं, तर ती फसवणूक समजा आणि कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरच्या नंबरला फोन करून खात्री करा.

पहिल्या ऑर्डरला मटेरियल तुमचं असेल तर मटेरियलची पूर्ण रक्कम आगाऊ मागा. मशीनिंगची रक्कम पहिल्या दोन लॉटना माल उचलण्याआधी घ्या, उधारी तिसऱ्या लॉटपासून सुरू करा. खरा ग्राहक यावर घासाघीस करेल, पण निघून जाणार नाही.