शब्दचर्चा : ‘समपरासारी’ म्हणजे नेमकं कशाशी सम?

प्रश्न : ‘ज्या द्रावणाची संहती (विरघळलेल्या पदार्थाचं प्रमाण) पेशीतल्या द्रवाएवढी, ते समपरासारी’ अशी व्याख्या सगळीकडे सापडते. ०.९ टक्के मिठाचं पाणी त्यात बसतं. मग तेवढ्याच संहतीच्या युरियाच्या द्रावणात तांबड्या रक्तपेशी का फुटतात?

प्रतिसाद १ : व्याख्या अपुरी आहे. इथे दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या गेल्यात. पहिली, विरघळलेल्या कणांची एकूण संहती. ती मोजायला पेशी लागतच नाही. दुसरी, त्या द्रावणात पेशीचं आकारमान टिकतं का. हे पेशीच्या पटलावर, म्हणजे तिच्याभोवतीच्या पातळ आवरणावर, अवलंबून.

आकड्यांत बघा. ०.९ टक्के म्हणजे लिटरमागे ९ ग्रॅम मीठ, म्हणजे १५४ मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं एकक). मिठाचे दोन आयन (विद्युतभारित कण) सुटे होतात, म्हणून कण जवळपास ३०८ मिलिमोल. पटलातून थोडं सोडियम आत झिरपतं, पण पटलातला प्रथिनाचा पंप ते परत बाहेर काढतो. हिशेबाला ते बाहेरच राहिलं, म्हणून पेशी जशीच्या तशी.

आता लिटरमागे १८ ग्रॅम युरिया घ्या. कण ३०० मिलिमोल, जवळपास तेवढेच. पण तांबड्या पेशीच्या पटलात युरियासाठी खास वाहक प्रथिनं असतात. युरिया झपाट्याने आत शिरतो, आतल्या कणांची संख्या वाढते, मागोमाग पाणी येतं आणि पेशी फुटते. परीक्षानळीत हे डोळ्यांना दिसतं : आधी गढूळ लाल असलेलं मिश्रण काही क्षणांत पारदर्शक लाल होतं, नळीमागे धरलेली छापील अक्षरं वाचता येतात.

म्हणून माझं मत : कणांची संहती सारखी असेल तर ‘समान परासरण दाबाचं द्रावण’ म्हणावं (परासरण म्हणजे पटलातून होणारं पाण्याचं वहन), आणि ‘समपरासारी’ हा शब्द पेशीवरच्या परिणामासाठी राखून ठेवावा. ‘अमुक पेशीला समपरासारी’ असं लिहिलं की घोटाळा उरत नाही.

प्रतिसाद २ : पटते. त्याच ओघात ‘अर्धपार्य’ आणि ‘निवडक्षम’ हेही वेगळे ठेवा. अर्धपार्य पटल म्हणजे द्रावक (इथे पाणी) जाऊ देणारं, द्रावित (विरघळलेला पदार्थ) अडवणारं. पेशीपटल तसं नाही. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड त्यातून सहज जातात, ग्लुकोजला वाहक लागतो. त्याला ‘निवडक्षम पारपटल’ म्हणणंच बरोबर. पाणी पटलातून थेट थोडं जातं, पण पुष्कळ पेशींत मोठा ओघ अ‍ॅक्वापोरिन या प्रथिनाच्या वाटांतून असतो. पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं नोबेल त्याच शोधासाठी मिळालं.

प्रतिसाद ३ : ‘रससंकोच’ या शब्दाबद्दल, म्हणजे तीव्र द्रावणात वनस्पतिपेशीतलं पाणी बाहेर जाऊन आतला भाग आक्रसतो त्याबद्दल. आक्रसते ती पेशीभित्तिका (पटलाबाहेरची कडक भिंत) नव्हे, आतलं पटलासकटचं प्रद्रव्य (पेशीतला जिवंत भाग). बरेच जण ‘पेशी आकसली’ लिहितात, तिथेच परीक्षेत गुण जातात. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या कापात पाहिले ते कप्पे म्हणजेही भित्तिकाच, आतला जिवंत भाग केव्हाच गेलेला.

प्रयोगात बघायचं तर जांभळ्या कांद्याच्या खवल्याची बाहेरची, रंगीत साल घ्यावी. रंग रिक्तिकेत (पेशीतल्या रसाच्या पिशवीत) असतो, त्यामुळे आतला भाग मागे सरकताना स्पष्ट दिसतो. आतल्या बाजूच्या पारदर्शक पापुद्र्यात डोळे ताणावे लागतात. साल पाण्याच्या थेंबात पसरून वर आच्छादक काच ठेवा. काचेच्या एका कडेला ५ टक्के मिठाच्या द्रावणाचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टीपकागद टेकवा, म्हणजे द्रावण खालून ओढलं जातं. काही मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांतून सुटू लागतो.

काहीच झालं नाही, तर आधी आयोडीन घातलं होतं का ते बघा. आयोडीनने पेशी मरतात, मेलेलं पटल निवडक्षम राहत नाही, मग परासरण कसलं? उलट, मीठ फार तीव्र असेल किंवा साल त्यात फार वेळ राहिली, तर पाणी घालूनही पेशी पूर्ववत होत नाहीत.

आणि भित्तिका व आक्रसलेलं पटल यांच्यामधली जागा रिकामी नसते. तिथे बाहेरचं मिठाचं द्रावण भरलेलं असतं, कारण भित्तिका त्याला अडवत नाही. आकृतीत तिथे नाव द्यायला सांगतात तेव्हा ‘पोकळी’ लिहू नका.

प्रश्नकर्ता : आणखी एक. ‘परासरणात पाणी कमी संहतीकडून जास्त संहतीकडे जातं’ आणि ‘जास्तकडून कमीकडे जातं’, दोन्ही वाक्यं वाचली आहेत.

प्रतिसाद १ : दोन्ही खरी. पहिल्यात संहती द्रावितांची, दुसऱ्यात पाण्याची. ‘कशाची’ हा शब्द गाळला की वाक्य निरुपयोगी. म्हणूनच परासरणाला ‘उताराविरुद्धचं वहन’ (कमी संहतीकडून जास्तीकडे ढकलणं) म्हणू नये. ते नाव सक्रिय वहनाला : सोडियम-पोटॅशियम पंप एटीपीचा (पेशीच्या ऊर्जेच्या इंधनाचा) एक रेणू खर्चून ३ सोडियम आयन बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो, दोन्ही आपापल्या उताराविरुद्ध. पाण्यासाठी असा पंप पेशीत नाही; ती आयन हलवते आणि पाणी त्यांच्यामागून जातं.