जपानमध्ये खेड्यातलं जुनं घर, शेतीसकट – घ्यावं का? अनुभवी मंडळींचा सल्ला हवा

ओसरी:
नमस्कार मंडळी. आम्ही नऊ वर्षं तोक्योत, निशिकासाईला राहतो. दोघेही आयटीत, कायम वास्तव्याचा परवाना मागच्या वर्षी मिळाला. नागानोच्या दक्षिणेला, इना खोऱ्यातल्या एका गावाच्या 'आकिया बँके'वर, म्हणजे नगरपालिकेच्या रिकाम्या घरांच्या यादीत, एक घर दिसलं आणि जाऊन पाहून आलो.

घर नव्वदेक वर्षांचं, दुमजली. जुन्या गवती छपरावर पत्रा चढवलाय. आत शिरल्यावर मातीच्या जमिनीची 'दोमा', पुढे लांबलचक 'एन्गावा'. नवरा तिथे टेकला आणि म्हणाला, "ही तर आमच्या आजोळची पडवी." तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. बाजूला धान्याचं कोठार आणि दोन तान शेत, म्हणजे साधारण वीस गुंठे. सगळं मिळून ४५ लाख येन. संडास जुन्या पद्धतीचा, टाकी उपसून न्यावी लागते. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, मुलीकडे नागोयाला असतात.

सध्या सुट्ट्यांत आणि पुढे कायमचं राहायचा विचार आहे. कोणी असं घर घेतलंय का? आधी काय तपासायचं? नाही घ्यायचं असेल तर तेही स्पष्ट सांगा.

बांधावरचा:
ओसरीताई, पाच वर्षांपूर्वी ओकायामाच्या डोंगराळ भागात असंच घर घेतलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

घराच्या किमतीकडे आत्ता बघूच नका. २०२३ च्या सरकारी पाहणीत जपानमध्ये रिकामी घरं सुमारे ९० लाख निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. घर मिळणं अवघड नाही, कागद सरळ असलेलं घर मिळणं अवघड आहे. आपल्याकडे सातबारा काढतो तसा तिकडे 'तोकीबो' निघतो, होमुक्योकुच्या, म्हणजे जमीन-घरांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, कार्यालयात कोणालाही मिळतो. घराचा, कोठाराचा, शेताच्या प्रत्येक तुकड्याचा वेगळा काढा. माझ्या घरामागची एक पट्टी मालकाच्या आजोबांच्या नावावर निघाली. वारस किती, तर सतरा! एक ब्राझीलला. सह्या गोळा व्हायला चौदा महिने गेले. १ एप्रिल २०२४ पासून वारसनोंद सक्तीची झालीय, पण जुनी प्रकरणं अजून तशीच पडून असतात.

आता शेत. परदेशी माणसाला जपानमध्ये घर-जमीन घ्यायला बंदी नाही, शेतजमिनीचा कायदा मात्र निराळा. गावाच्या शेती समितीची परवानगी लागते, ती नसेल तर व्यवहारच ग्राह्य धरत नाहीत. पूर्वी बहुतेक ठिकाणी किमान ५० आर, म्हणजे सव्वा एकर, कसायची अट होती. ती एप्रिल २०२३ पासून गेली, म्हणून तुमचे वीस गुंठे आता शक्य आहेत. पण "शेत तुम्ही स्वतः कसणार का" हा प्रश्न राहतोच. तोक्योहून महिन्यातून दोनदा येऊन कसतो म्हणालात तर समिती मान डोलावेल असं वाटत नाही. शेती समितीच्या माणसाला आधी भेटा, बयाणा नंतर. करारात "परवानगी न मिळाल्यास व्यवहार रद्द, पैसे परत" हे कलम घालून घ्या.

तिसरं, घराखाली शिरा. खरंच शिरा. तातामी, म्हणजे जमिनीवरच्या जाड चटया, उचलून खालच्या फळ्या काढल्या की माणूस सरपटत जाईल एवढी जागा असते. न्हाणीघर आणि स्वयंपाकघराच्या खालचे खांब बघा, वाळवी ओल धरून चढते. लाकडावर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या की समजा. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. माझ्याकडे एका खांबात तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेरून तोच खांब तेल लावल्यासारखा चकचकीत होता!

तळखडा:
मी क्योतोत लाकडी घरांच्या दुरुस्तीचं काम करते. वरचं सगळं बरोबर. माझ्याकडून बांधकामाचं सांगते.

भूकंपाचे सध्याचे निकष जून १९८१ पासूनचे, आणि लाकडी घरांसाठी २००० साली आणखी कडक झाले. तुमचं घर त्याच्या कितीतरी आधीचं. खांब बहुधा नुसते दगडावर टेकवलेले असतील, आपल्या वाड्यात खांबाखाली तळखडा असतो तसे. भिंतीही आपल्या कुडासारख्याच: बांबूच्या कामट्यांची जाळी, त्यावर पेंढा मिसळलेली माती. असं घर हलतं, डुलतं, त्यातच त्याची ताकद असते. नव्या घरांचीच कामं करणारा कंत्राटदार येतो, एका बाजूला काँक्रीट ओततो, मातीवर सिमेंटचा गिलावा चढवतो, आणि पाच-सात वर्षांत आतलं लाकूड कुजतं. हे इतक्या वेळा पाहिलंय की कळवळून सांगते: जुन्या घरांचं काम केलेला सुतार शोधा, त्याने पूर्वी केलेली दोन घरं जाऊन बघा, मगच ठरवा.

एप्रिल २०२५ पासून नियमही बदललाय. दुमजली लाकडी घराचा खांब, तुळया, भिंती यांसारखा एखादा मुख्य भाग अर्ध्याहून जास्त दुरुस्त करायचा असेल तर आधी मंजुरी लागते. त्यात रस्त्याचा प्रश्न आलाच: घराच्या जागेची किमान दोन मीटर बाजू चार मीटर रुंद रस्त्याला लागून आहे का, ते मोजा. नसेल तर बऱ्याचदा पाडून नवं बांधता येत नाही, म्हणजे पुढे विकणंही कठीण. दरड कोसळण्याचा नकाशा नगरपालिकेत मिळतो. लाल पट्ट्यात असेल तर माझं उत्तर नाही असंच आहे.

परतीचा पक्षी:
दोनच मुद्दे. घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही. तुमचा परवाना आहे, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितोय. दुसरं, परदेशात राहत असताना घेतलेलं घर भारतात कायमचं परतल्यावरही ठेवता येतं, भारताच्या परकीय चलनाच्या 'फेमा' कायद्यात तशी तरतूद आहे. मात्र आयकर विवरणात परदेशी मालमत्ता दाखवावी लागते. पुण्याला परतल्यावर पहिल्या वर्षी माझ्याकडून हे राहिलं होतं, निस्तरताना फार ताप झाला.

हिमगौरी:
निइगाताला सासर आहे माझं. बर्फाचं विचारलंत का? इना खोऱ्यात आमच्याइतका पडत नाही, तरी जानेवारीत एकदा जाऊन राहून या. आणि गावची कामं: पाटातला गाळ काढणं, रस्त्याकडेचं गवत कापणं, देवळाची साफसफाई. वर्षातले ते दिवस आधी विचारून घ्या आणि चुकवू नका. आम्ही पहिल्या गवतकापणीला पहाटे साडेपाचला हजर होतो. त्याच दिवशी शेजारच्या आजींनी पाण्याचा जुना नळ कुठे पुरलाय ते दाखवलं. तो कुठल्याच नकाशावर नव्हता.

ओसरी:
सर्वांचे मनापासून आभार. काल नगरपालिकेत फोन केला. घर मालकीणबाईंच्या नावावर आहे, पण शेताचा एक तुकडा अजून त्यांच्या दिवंगत दिरांच्या नावावर! बांधावरचे दादा, तुम्ही सांगितलं नसतं तर विचारलंच नसतं. शेती समितीची वेळ मिळालीय आणि शनिवारी घराखाली शिरायला जातोय. तळखडाताई, सुताराबद्दल व्यक्तिगत निरोप करते.

मालकीणबाईंशीही बोलले. किमतीबद्दल काही बोलल्या नाहीत. अंगणात 'काकी'चं, म्हणजे जपानी पर्सिमन फळाचं, झाड आहे, नोव्हेंबरात फळं काढून सोलून ओळीने टांगायची असतात, ते ठेवाल ना, एवढंच विचारलं. मी हो म्हणाले आहे. घर घेऊ की नाही ते अजून ठरलेलं नाही, पण झाडाचं मात्र हो म्हणाले.